चेमने दार उघडलं

...आणि वर मलाच विचारतात, 'मावशी, तुम्हाला लाज नाही वाटली?' मला! लाज! अहो, ज्याने पोरीला हात बांधून बोटीत घातलं, बेटावर नेलं, झोपडीत कोंडलं, वर तिच्याकडूनच भात रांधून घेतला, त्याला नाही लाज, त्याच्या फोटोवर आजही हार पडतात, आणि मी... मी काय केलं? एक दार उघडलं हो मी. एक दार! बेचाळीस वर्षं झाली त्याला, आणि काल सकाळी कॉफी पिता पिता मोबाइल उघडते तर कुणीतरी लिहून बसलाय, 'ही म्हातारी एव्हाना मेली असेल का?' खाली बावीस जणांनी हसरी तोंडं काढलीयत. नाही मेले रे बाबा! इथेच बसलेय, मे-क्लोंगला, बांगडे उकडत!

'मोगऱ्याची बेडी'. पन्नाशीच्या वरच्यांना नाव सांगितलं की पुरे, डोळे पाणावतात लगेच. टीव्हीवर चौदा भाग, दर बुधवारी, तेव्हा अख्ख्या थायलंडात रस्ते ओस पडायचे म्हणतात. पडत असतील, मी नाही बघितले, मला रस्त्यावर फिरायची सोयच नव्हती, ते येईलच पुढे. तर गोष्ट काय, हिरॉइनच्या बापाने हिरोच्या बापाची मोत्यांची शेती लुबाडलेली, म्हणून सूड घ्यायला हिरो हिरॉइनला पळवून नेतो. आता मला सांगा, भांडण बापाशी ना? मग बापाला कोंड की! पण बाप पडला जाडा, बोटीत मावला नसता. म्हणून लेक कोंडली. आणि सहा भाग तो तिच्यावर ओरडतो, सातव्यात भांडी फोडतो, आणि लोक घरी बसून म्हणतात, 'अगंबाई, किती जीव आहे बघ त्याचा!'

मी त्यात चेम. म्हातारी मोलकरीण चेम. वय वर्षं तीस! हिरॉइन चालिता सत्तावीस, मी तीस, तिला मोगऱ्याचा गजरा आणि मला डोक्यात डबाभर टाल्कम पावडर. शिंक आली की मी एकदम तरुण व्हायचे. काम काय, तर ताट न्यायचं, सुस्कारा टाकायचा, 'मालक मनाने वाईट नाहीत हो, पोरी' म्हणायचं, बाहेर यायचं आणि कडी लावायची. तुम्हाला सांगते, सहा भाग मी चोख कडी लावली. एकाने तरी कौतुक केलं? एकाने तरी चॅनेलला पत्र पाठवलं, की वा, काय कडी लावते ही बाई?

आता तुम्ही म्हणाल, मग सातव्या भागात काय बिघडलं... सानानकाका बिघडले! सानानकाका आमचे वाक्यं सांगणारे. तेव्हा पाठांतर कोण करतंय? दिवसाला दोन-दोन भाग उरकायचे, त्यामुळे काका पडद्यामागे स्टुलावर बसायचे, सबंध गोष्टीच्या कागदांची एकच चवड मांडीवर, आणि सगळ्यांची सगळी वाक्यं कुजबुजत सांगायचे, कोणी कुठे जायचं तेही. 'चालिता, रड. चेम, ताट ठेव. चेम, सुस्कारा.' आम्ही आपले ते म्हणतील तसं बोलायचं, ते म्हणतील तसं चालायचं, त्यात डोकं वापरलं की दिग्दर्शक चपला फेकायचे. आणि काकांच्या हातात सदा कॉफीचा पेला, त्यात डब्यातलं गोड आटवलेलं दूध अर्धा पेला, कॉफी नावाला. त्या दिवशी ते दूध सांडलं चवडीवर, आणि पानं बसली चिकटून, अशी बसली की सातव्या भागातलं एक पान उलटलं ते काका थेट चौदाव्यात! चौदाव्यात मालकाला पश्चात्ताप होतो आणि त्याच्याच हुकमाने मी दार उघडते. काकांना काय, त्यांना सगळी पानं सारखीच. कुजबुजले, 'चेम, दार उघड. चेम, म्हण... जा पोरी, बोट धक्क्याला आहे.' मी उघडलं. म्हटलं, 'जा पोरी, बोट धक्क्याला आहे.' आणि चालिता, तुम्हाला सांगते, तिला कोणी 'पळ' म्हणायच्या आत जी पळाली, सेटच्या बाहेर, स्टुडिओच्या बाहेर, जिना उतरून रस्त्यावरच्या नूडल्सच्या गाडीपाशी जाऊन थांबली. अनवाणी! सहा भाग साठलेलं होतं हो पायात.

परत चित्रण करायचं, तर चार वाजता बातम्यांना स्टुडिओ मोकळा करून द्यायचा होता, बातम्यांचा माणूस टाय बांधून दारात उभा. टेप कापून जोडणं म्हणजे तेव्हा बाळंतपण. दिग्दर्शकांनी एक चप्पल काकांना फेकली, एक मला, आणि अनवाणी उभे राहून म्हणाले, 'जाऊ दे, तसंच दाखवा.' दाखवलं. बुधवारी. आणि गुरुवारपासून माझा जन्म फुकट गेला.

गुरुवारी सकाळी मी बाजारात. मासेवालीसमोर उभी. ती माझ्याकडे बघते, मी बांगड्याकडे. म्हटलं, 'दोन टोपल्या दे गं.' तर ती कमरेवर हात ठेवून, 'तुला? तुला बांगडा नाही! एवढं चांगलं चाललं होतं दोघांचं, आज-उद्यात तो तिच्याशी गोड बोलला असता, आणि तू... दार उघडलंस?' मागून एक म्हणाली, 'जळाली असेल मेली, हिला कोण पळवणार!' आणि दुरियनवाल्याने, अख्खं फणसाएवढं काटेरी दुरियन नाही, तेवढी दया केली, नुसतं साल भिरकावलं, ते इथे बसलं, हा बघा वण, काट्याचा आहे तो, काट्याचा! अहो, भन्तेंना भिक्षा वाढायला पहाटे दारात बसले, भात घातला, हात जोडले, डोळे मिटले, आशीर्वादाची वाट बघतेय, तर भन्ते हळूच विचारतात, 'उपासिके, तो तिला परत आणतो ना?' म्हणजे ज्यांनी संसार सोडला त्यांनासुद्धा कडी लागलेली हवी! एक दार उघडलं हो मी, मी काय सापाचं वारूळ उघडलं?

नंतर नंतर तर बाजारात मला कोणी मासे देईचना. मग काय करणार, मीच विकायला लागले! पहाटे बंदरावर जाऊन घ्यायचे, माना मोडून टोपलीत बसवायचे, उकडायचे आणि चालत्या नावेतून दुसऱ्या गावी, जिथे वीज नाही, म्हणजे टीव्ही नाही, तिथे नेऊन विकायचे. टीव्हीची कामं आपोआपच बंद झाली. मला घेतलं की लोक म्हणायचे, ही आता काय उघडणार?

पण खरी गंमत ती नाही. खरी गंमत पुढे. हिरॉइन तर सातव्यातच पळाली, आणि जाहिरातदार, माशाच्या सॉसवाला, त्याने चौदा भाग घेऊन ठेवलेले! तो म्हणाला, 'बेटावरच्या रांधपात माझी बाटली दिसते. बेटावर ती नाही, तर बाटली कोण उघडणार?' झालं! लेखक बिचारा एका दुपारी बसला आणि आठव्या भागात तिला परत आणली. स्वतःहून! स्वतः वल्हं मारत! मी विचारलं त्याला, 'अरे, पण कशासाठी परत येते ती? तिचा बाप आहे, घर आहे, ठरलेलं लग्न आहे...' तर मान वर न करता म्हणाला, 'सात भाग उरलेत ताई, म्हणून येते.' आणि त्या दिवशी चालिताला डेंग्यूचा ताप. अंगात एकशेतीन! डोळे लाल, चकाकतायत, ओठ थरथरतायत, उभं राहवत नाही म्हणून ती हिरोच्या खांद्यावर कोसळली. मागून मीच धरून होते तिला, मालकिणीचा पदर सावरल्याचं दाखवत! ते दृश्य. तेच ते दृश्य! लोकांनी काळजात जपून ठेवलेलं. आजसुद्धा लिहितात हो खाली, 'तिच्या डोळ्यांतलं प्रेम बघा.' अरे, प्रेम नाही रे ते, डास चावलाय तिला!

हो, ते लिहिण्याचं सांगायचं राहिलं. चॅनेलवाल्यांनी गेल्या वर्षी सगळे चौदा भाग मोबाइलवर आणले, फुकट, आणि खाली लोकांना मतं द्यायला जागा. आपल्या लोकांना मत द्यायला जागा दिली की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. एक बाई लिहिते, 'असं प्रेम आता कुठे राहिलंय? आमचे हे तर मी माहेरी गेले तरी फोन करत नाहीत.' दुसरी लिहिते, 'मलापण कोणीतरी बेटावर नेऊन ठेवा, फक्त वायफाय असू द्या.' मग एक कॉलेजातली पोरगी, 'हा गुन्हा आहे, याला तुरुंगात टाकायला हवं.' तिच्यावर सतराजण तुटून पडले, 'तुला काय कळतंय, तेव्हाचे पुरुष असेच हळवे होते.' हळवे! भांडी फोडायचा तो! एकजण तर, 'आता हे बघवत नाही, फार भयंकर आहे, मी तीनदा बघितलं.' आणि एक दिवस, तुम्हाला सांगते, एकाने लिहिलं, 'सबंध गोष्टीत शहाणी एकटी चेम.' मी चष्मा पुसला. परत वाचलं. अकरा वेळा वाचलं. जेवण बरं गेलं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी बघते तर मजकूर अजून उरलेला होता, 'अजून वाचा' म्हणून दाबायचं असतं ना, ते दाबलं, तर पुढे, 'पण अभिनय लाकडाच्या ओंडक्यासारखा.'

तेही गिळलं. मी सगळं गिळते. बेचाळीस वर्षांत सवय झालीय.

पण मागच्या महिन्यात आठव्या भागाखाली एक मत दिसलं. 'दार उघडून काय होतं? जिला राहायचंय ती परत येतेच. चेम उगाच मधे पडली.' सहाशे चौदा जणांनी अंगठा वर केलेला. नाव नव्हतं, नुसता फोटो होता, एका तपकिरी मांजराचा, डावा कान फाटलेला. ते मांजर मी दिलंय. माझ्या पोरीला. पिकुनला.

पंखा जरा इकडे करा हो... हं.

पिकुन तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेत पोरं तिला 'चेमची पोर' म्हणायची, डबा खाताना कोणी शेजारी बसायचं नाही. घरी येऊन दप्तर टाकून मला विचारायची, 'आई, का उघडलंस गं? का उघडलंस?' मी तिला सगळं सांगायचे, काकांची कॉफी, चिकटलेली पानं, सॉसवाला, ताप... ती हसायची. हसून हसून लोळायची. आणि मालिका पुन्हा लागली की टीव्हीसमोर बसून आठवा भाग बघून हमसून रडायची. मला वाटायचं, लहान आहे, कळेल पुढे.

पुढे मोठी झाली, लग्न झालं, रात्चाबुरीला दिली. नवरा कामरोन, मोटारीचे सुटे भाग विकतो. लग्नाआधी भेटायला आला तर मला बघून एकदम हात जोडले, म्हणाला, 'सासूबाई, तुम्ही चेम ना? मग माझ्या घराला मला कुलूपच लावायला हवं!' सगळे हसले. मीपण हसले. अहो, मी सगळ्यांत मोठ्याने हसले!

लावलं त्याने कुलूप. पहिल्या वर्षी म्हणे चोरांची भीती. दुसऱ्या वर्षी, बाजारात कशाला जातेस, मी आणतो की भाजी. तिसऱ्या वर्षी, तुझ्या मैत्रिणी चांगल्या नाहीत. आणि त्याच वर्षी एका दुपारी माझी पोर दारात, हातात कापडी पिशवी, पायात एकाच जोडाच्या नसलेल्या चपला. म्हणाली, 'आई, मी आले.' एवढंच. आणि मी...

मी दार उघडलं होतं हो. उघडलंच होतं, ती उभी होती उंबऱ्यात. पण समोरची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. शेजारचीने खिडकी उघडली. आणि माझ्या मनात काय यावं? पोर वाळलीय, हे नाही आलं. हिने दोन दिवसांत काही खाल्लंय का, हे नाही आलं. आलं ते असं, की आता गल्लीभर होणार... 'चेमने पोरीचाही संसार मोडला.' मी तिला भात वाढला, बांगडा तळून दिला, केस विंचरून दिले, आणि शेवटच्या गाडीत मीच बसवून दिलं. वर म्हटलं, 'मनाने वाईट नाहीये गं तो.' चेमचं वाक्य! सानानकाका वारले होते तेव्हा, कुणी कुजबुजलं नव्हतं मागून. माझं मीच म्हटलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि कुणी मला सांगू नका की तेव्हाची पद्धतच तशी होती.

तर ते मांजर दिसलं आणि मी ठरवलं, बस्स. आता लाज नाही, भीती नाही, बहात्तर वर्षांची झाले, आता मला कोण दुरियन मारणार? गेल्या मंगळवारी निघाले. एक टोपली बांगडे घेतले, आणि लोखंड कापायची करवत, नवी कोरी, दुकानदाराने विचारलं, 'मावशी, कशाला?' म्हटलं, 'अभिनय करायचाय.' रात्चाबुरीला अकराला पोचले. घराला जाळीचं सरकतं दार, त्याला बाहेरून हे एवढं कुलूप, कामरोन दुकानात, चारच्या आत यायचा नाही. आत पिकुन लसूण सोलत बसलेली. पन्नाशीची झाली हो माझी पोर... केस पांढरे, आणि तेही खरे. मला बघून उठली, 'आई! फोन तरी करायचास!' मी पिशवीतून करवत काढली आणि लागले की कुलपाला! खर्रर्र, खर्रर्र, अंगात नुसतं वारं भरलेलं.

तर ती काय म्हणावी? 'अगं आई, थांब! कुलूप खराब होईल, तो विचारेल. थांब, किल्ली देते.'

किल्ली! तिने मागे वळून खिळ्यावरची किल्ली काढली आणि जाळीतून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, 'ही... ही आतच असते?' 'हो, आग वगैरे लागली तर असावी म्हणून त्यानेच ठेवलीय. जाळीतून हात घातला की पोचतो कुलपापर्यंत.' 'कधीपासून?' 'पहिल्यापासून.' पंचवीस वर्षं, तुम्हाला सांगते, पंचवीस वर्षं मी रात्री उशी भिजवली, की पोर माझी कोंडलीय, आणि किल्ली खिळ्यावर!

एक दार उघडलं हो मी. दुसऱ्यांदा आयुष्यात, पण या वेळी कुणाचं न ऐकता, चांगलं सताड. म्हटलं, 'चल.' ती म्हणाली, 'कुठे?' म्हटलं, 'बाहेर. घरी. कुठेही. गाड्या उभ्या आहेत कोपऱ्यावर.' ती उंबऱ्यापर्यंत आली. खाली फरशीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, एक मोटरसायकल गेली तशी दोन पावलं मागे सरकली. मी म्हटलं, 'अगं, ती परत आली ते सॉसवाल्यामुळे! तो ताप होता पिकुन, डेंग्यू होता, मी सांगितलंय तुला शंभर वेळा!' तर माझ्याकडे बघून हसली, अगदी शांत, आणि म्हणाली, 'ते मला माहीत आहे गं. पण मीपण आले होतेच ना तुझ्याकडे एकदा. तू परत पाठवलंस. मग मी मनाशी म्हटलं, मी स्वतःहून परत आले असं समजू. तेवढं समजलं की बरं वाटतं.'

मी टोपलीचं झाकण काढलं. 

बसलो दोघी उंबऱ्यात, ती आत, मी बाहेर. बांगडे खाल्ले, मिरचीच्या चटणीत बुडवून. तिने काटे काढून दिले मला. मांजराला डोकी घातली. तीन वाजले, साडेतीन वाजले, ती सारखी घड्याळाकडे बघायला लागली आणि शेवटी म्हणाली, 'आई, आता लाव. किल्ली जाळीतून आत टाक, आणि करवत घेऊन जा आठवणीने. येत जा गं अधूनमधून, मंगळवारीच ये.' मी उभी राहिले. करवत पिशवीत घातली, परत बाहेर काढली. ती जाळीपलीकडून म्हणाली, 'लाव गं. मला त्रास होईल.' तुम्हाला सांगते, मला हुकूम द्यायला तिथे कोणी काका नव्हते. मी दार ओढलं, कुलूप अडकवलं, दाबलं, किल्ली आत टाकली.

तेवढ्यात समोरची केळी तळणारी बाई, कधीची बघत होती कोण जाणे, झारा हातात घेऊन रस्ता ओलांडून आली, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि चेहरा असा फुलला तिचा! म्हणाली, 'अगंबाई! तुम्ही चेम ना? मोगऱ्याच्या बेडीतल्या?' माझ्या हाताला धरलं, कढईतली गरम सहा केळी कागदात बांधून दिली, एक पैसा घेतला नाही, आणि म्हणाली, 'आता कसं छान लावलंत!'

बेचाळीस वर्षांतलं पहिलं कौतुक ते. केळी चांगली होती.